पाकावर रोखलेली गन

निवृत्तीच्या दिवशी गिरिधररावांना शाल मिळाली, श्रीफळ मिळालं आणि गन मिळाली. पहिल्या दोन वस्तू कुणालाही मिळतात. गन मात्र जालन्याच्या त्या सळयांच्या मिलमध्ये आजवर कुणालाच मिळाली नव्हती, आणि ही गोष्ट गिरिधररावांनी घरी पोचेपर्यंत रिक्षावाल्याला तीनदा सांगितली. दुसऱ्यांदा ऐकल्यावर रिक्षावाल्यानं आरसा नीट केला. तिसऱ्यांदा ऐकल्यावर तो भाडं न घेताच निघून गेला.

गन तापमान मोजायची होती. पिवळी-काळी, पिस्तुलाच्या घाटाची. वस्तूवर रोखायची, घोडा दाबायचा, की वस्तूवर लाल ठिपका पडतो आणि गनच्या मागच्या काचेवर आकडा उमटतो. वस्तूला हात लावायचं काम नाही.

"हरेक गरम वस्तूतून किरण निघत असतात," गिरिधररावांनी बायकोला समजावलं. "डोळ्याला दिसत न्हाईत. गन ते पकडती आणि मोजती. लाल ठिपका निव्वळ नेम धरायला."

"हरेक वस्तूतून?" रजनीबाई म्हणाल्या.

"हरेक. तुझ्यातून बी निघून राह्यलेत."

"मी भाकरी करून राह्यले. माझ्यातून काही निघत न्हाई. बाजूला व्हा."

गिरिधररावांनी भट्टीच्या तोंडाशी एकतीस वर्षं काढली होती. भट्टीतला लोखंडाचा ठोकळा लाटायला तयार झाला की नाही, हे ते नुसत्या रंगावरून सांगत. कुंकवाचा रंग म्हणजे कच्चा. झेंडूचा म्हणजे दम धरा. झेंडूवर हळद चढू लागली की गिरिधरराव हात वर करून ओरडत, "खेचाऽऽ!" आणि ठोकळा बाहेर. मग तीन वर्षांपूर्वी मिलमध्ये मोठी गन आली. गिरिधररावांनी आकडा सांगायचा आणि इंजिनिअरनं गन लावून तपासायचा, अशी पद्धत पडली. दहांतल्या नऊ वेळा दोघांचं जुळायचं. दहाव्या वेळी मिल गनचं ऐकायची.

त्या दहाव्या वेळेचं दुखणं गिरिधररावांनी कुणाला सांगितलं नाही. निरोपाच्या समारंभात शेठजी म्हणाले, "आता तुमच्या डोळ्यांना आराम द्या," आणि त्यांनी ही छोटी गन हातावर ठेवली. मिलमधली दीड हजार अंशांपर्यंत जाते, ही साडेपाचशेपर्यंत. निवृत्त माणसाला साडेपाचशे पुष्कळ झाले.

ज्यांच्याकडून हरलो त्यांच्याच पक्षात जायची पद्धत फक्त निवडणुकीत असते असं नाही. गिरिधरराव पुरते गनचे झाले. सकाळचा चहा एकाहत्तर. तवा दोनशे बारा. अंघोळीचं पाणी त्रेचाळीस. कुलूप लावून गावाला गेलेल्या भाडेकरूची स्कूटर अठ्ठावीस, म्हणजे ती सकाळपासून कुणी वापरलेली नाही. समोरचे साहेबराव उन्हात पेपर वाचत बसले असताना त्यांच्या टकलावर अडतीस. साहेबराव ट्रेझरीतून निवृत्त झालेले. त्यांनी पेपर खाली न करता विचारलं, "गिरिधरराव, हा आकडा सही करून देता का? मेडिकल बिलाला जोडतो."

असे पंधरा दिवस सुखाचे गेले. मग लाडवांचं निघालं.

शेजारच्या बेबीनंदाबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. त्यांच्या तृप्तीचं लग्न ठरलं. नवरदेव धावड्याचा, आणि लग्न दोघांनाही सोयीचं म्हणून पिंपळगाव रेणुकाईला. जेवणाचं काम आचाऱ्याकडे होतं, पण लाडू त्याच्याकडून करून घ्यायला बेबीनंदाबाई तयार नव्हत्या. पंगतीची यादी त्यांनी फळ्यावरच्या सुवाच्य अक्षरात लिहिली. वरण-भात: आचारी. वांग्याची भाजी: आचारी. पुऱ्या: आचारी. आणि शेवटी, बुंदीचे लाडू, पाचशे: रजनीताई.

रजनीबाई गेली तीस वर्षं दुसऱ्यांच्या कार्यात लाडू वळत आल्या होत्या. लाडू संपले की लोक आचाऱ्याचं कौतुक करत. कागदावर नाव पहिल्यांदाच आलं होतं. त्यांनी त्या यादीचा मोबाइलवर फोटो काढून घेतला. दळण टाकायला गेल्या की फोटो दाखवायच्या. भाजीवाल्यालाही दाखवला. त्यानं जुडीभर कोथिंबीर जास्तीची दिली.

"लाडवाचा सगळा जीव पाकात असतो," त्या गिरिधररावांना म्हणाल्या. "एकतारी आला की उतरवायचा. कमी पडला तर लाडू बसतो, जास्ती झाला तर दगड होतो."

"एकतारी कसा कळतो?"

"बोटानं. अंगठा आणि बोट, मधी थेंब. तार निघाली की झालं."

गिरिधरराव हसले. मिलमध्ये नवा इंजिनिअर त्यांच्याकडे बघून जसा हसायचा, अगदी तसेच. "रजनी, जमाना कुठं गेला आणि तू बोटं बुडवून राह्यली. एकतारी पाक म्हणजे एकशेपाच अंश. मी बघितलंय मोबाइलवर. मी गन लावतो. पाचशेचे पाचशे लाडू एका मापाचे. एक फुटला तर सांग."

लग्नाला सहा दिवस होते. नमुन्याचा एक घाणा काढायचं ठरलं.

इथं रजनीबाईंच्या भांड्यांबद्दल दोन शब्द सांगणं भाग आहे. कॉलनीत भांडी सगळेच घासतात, पण रजनीबाईंच्या स्टीलच्या पातेल्यात बघून माणसानं भांग पाडावा. नातेवाइकांकडून जेवून आलं की गिरिधरराव म्हणत, जेवण झकास होतं. रजनीबाई म्हणत, ताटाच्या कडा बघितल्या का? असं ते पातेलं गॅसवर चढलं, साखर विरघळली आणि गिरिधररावांनी गन काढली.

"थांबा," रजनीबाई म्हणाल्या. "पाकात किरण सोडायचे न्हाईत."

"गन किरण सोडत न्हाई, घेती."

"तो लाल ठिपका काय मंग? लोकाच्या पोरीच्या लग्नाचा पाक आहे. खाण्याच्या वस्तूत काही सोडायचं न्हाई. भांड्याला बाहेरून लावा."

बायकोचं अडाणीपण पोटात घालून गिरिधररावांनी पातेल्याच्या लखलखीत अंगावर नेम धरला. छत्तीस. ठीक आहे, सुरुवात आहे. पाच मिनिटांनी अडतीस. पाक उकळायला लागला, वर बुडबुडे नाचायला लागले. चाळीस.

"झाला असंल," रजनीबाई म्हणाल्या.

"चाळीस आहे. तुला एकशेपाच पाहिजे. अजून पासष्ट अंश बाकी."

"उकळून राह्यला की हो!"

"वरवरची उकळी आहे ती. लोखंडाचं बी असंच असतं. वरून लाल, आतून कच्चं. आमच्या मिलमध्ये यालाच फसायचे लोक." गिरिधरराव पातेल्याशी आणखी वाकले आणि आणखी जवळून घोडा दाबला. एक्केचाळीस. "बघ. चढून राह्यलंय. दम धर."

पाक पिवळा झाला. मग तांबूस झाला. एक्केचाळीस. घरात जळक्या साखरेचा वास सुटला. एक्केचाळीस. शेवटी रजनीबाईंनी त्यांना कोपरानं बाजूला सारलं, झारा बुडवला आणि सवयीनं अंगठा-बोटात थेंब धरला. पाक इतका तापला होता की त्यांची किंकाळी ऐकून साहेबराव पेपरसकट आत आले. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट, दोन्हींवर टम्म फोड.

फेकायचं कसं, म्हणून त्याच पाकात बुंदी घालून डाव्या हातानं लाडू वळले. तासाभरानं त्यांतला एक परातीतून घरंगळून खाली पडला. लाडवाला काही झालं नाही, फरशीचा टवका उडाला. साहेबरावांनी एक चाखायला म्हणून घेतला, सगळ्या बाजूंनी निरखला आणि खिशात टाकला. "दारात कुत्री फार झालीयेत," ते म्हणाले.

हाताला फडकं गुंडाळून रजनीबाईंनी मोबाइल काढला, यादीचा फोटो उघडला आणि नुसता बघितला. गिरिधररावांना त्या चार शिव्या देत्या तर बरं वाटलं असतं.

"साखर भेसळीची असणार," गिरिधरराव म्हणाले.

"इतकी वर्षं त्याच दुकानातून आणून राह्यले मी."

"मंग गॅस कमी दाबाचा. गन चुकणार न्हाई. उद्या मिलमध्ये नेऊन मोठ्या गनसंगं ताडून आणतो. मंग तुझी खात्री पटंल."

तिथं साहेबराव मधे पडले. सल्ला देताना ते आवाज खाली आणत, आणि तो खाली आणलेला आवाजही चौकापर्यंत जाई. "गिरिधरराव, महापालिकेची आचारसंहिता लागलीय. शस्त्रं ठाण्यात जमा करायची असतात. तुम्ही गन घेऊन रस्त्यानं मिलपर्यंत जाणार?"

"ही तसली गन न्हाई."

"हे तुम्हाला माहीत. नाक्यावरच्या पोलिसाला माहीत आहे का? वस्तूचं नाव काय? गन. घाट कसला? पिस्तुलाचा. घोडा आहे? आहे. मंग? आधी ठाण्यातून लेखी परवानगी घ्या, बराबर शिक्का मारून. बिगर कागदाचं काही करायचं न्हाई."

खरं सांगायचं तर या बोलण्यानं गिरिधररावांना भीती वाटली नाही, बरं वाटलं. कॉलनीत आजवर गन जमा करायला फक्त दोनच माणसं ठाण्यात जात: एक बिल्डर आणि एक कारखान्याचे माजी संचालक. त्या रांगेत आपण तिसरे. दुसऱ्या दिवशी त्यांनी निरोप समारंभाचा कोट घातला, गन रुमालात गुंडाळली आणि निघाले.

ठाण्यात हवालदार संघपाल होते. हे बेबीनंदाबाईंचे धाकटे भाऊ, म्हणजे तृप्तीचे मामा. गिरिधररावांना ओळखत होते. त्यांनी रुमाल उघडून बघितलं आणि गन परत गुंडाळून पुढं सरकवली.

"काका, हे शस्त्र न्हाई. घरी न्या."

"शस्त्र न्हाई कसं? गन आहे."

"थर्मामीटर आहे हे."

एकतीस वर्षं भट्टीपुढं उभ्या राहिलेल्या माणसाच्या गनला थर्मामीटर म्हणणं, तेही दोन शिपाई आणि पासपोर्टच्या चौकशीला आलेलं एक कुटुंब ऐकत असताना! गिरिधरराव ताठ झाले. "थर्मामीटर तोंडात धरावा लागतो, संघपाल. ही पंधरा फुटांवरून सांगती. या माझ्यासंगं बाहेर."

ठाण्याच्या आवारात तेवढ्यात एक काळी जीप येऊन थांबली होती. गिरिधररावांनी पायरीवर उभं राहून तिच्या बॉनेटवर नेम धरला. "आता बघा, एकसष्ट-बासष्ट दाखवील," ते म्हणाले आणि त्यांनी घोडा दाबला. त्याच क्षणी जीपचं दार उघडून पांढऱ्या कपड्यातले एक गृहस्थ उतरले आणि बॉनेटसमोर आले. ते त्या प्रभागातले उमेदवार होते आणि सभेची परवानगी मागायला आले होते. लाल ठिपका त्यांच्या छातीवर, खिशाच्या बरोबर मध्यभागी स्थिर झाला.

उमेदवारांनी ठिपक्याकडे बघितलं. मग ठिपका कुठून येतोय तिकडं बघितलं. मग ते आडवे झाले. त्यांच्याबरोबरचे चौघे त्यांना वाचवायला म्हणून त्यांच्यावर पडले. पाचवा जीपखाली गेला आणि तिथून ओरडला, "साहेबांना लागलं!"

"चौतीस," गिरिधररावांनी काचेवरचा आकडा वाचला. "अंगात कपडे आहेत म्हणून कमी आलं."

आता मात्र गन घरी नेणं राहिलं नाही. उमेदवार धूळ झटकून उभे राहिले होते आणि आपल्याला काही झालेलं नाही हे कळल्यामुळे फार संतापले होते. नोंद करा म्हणाले. ठाण्याच्या मोठ्या साहेबांनी संघपालांना नोंद करायला सांगितलं. संघपालांनी छापील नमुना काढला. तो खऱ्या शस्त्रांसाठी बनवलेला होता.

"परवाना क्रमांक?"

"न्हाई."

"शस्त्राचा प्रकार?"

"गन," गिरिधरराव अभिमानानं म्हणाले.

संघपालांनी त्यांच्याकडे बघितलं आणि लिहिलं, 'पिवळी.' "रेंज किती?"

"उणे पन्नास ते साडेपाचशे."

पेन थांबलं. "उणे? म्हंजे काका, ही मागं बी मारती का?"

"अंश! अंश आहेत ते!"

"रकान्यात मीटर छापलंय." संघपालांनी निःश्वास टाकला. "काडतुसं?"

"दोन सेल."

"सेल घातलेले, का सुटे?"

"घातलेले."

'भरलेली,' असं संघपालांनी लिहिलं. पावती फाडली. निकाल लागल्यावर घेऊन जा म्हणाले. निकाल लग्नानंतर चार दिवसांनी होता.

त्या संध्याकाळी त्या उमेदवारांनी सभेत छाती दाखवून सांगितलं की माझ्यावर किरण सोडले तरी मी मागं हटणार नाही. कॉलनीतून दहा-बारा जण गिरिधररावांना बघून गेले. काहींनी परतताना हात मिळवला. साहेबरावांनी सल्ला दिला की आठ दिवस जांब समर्थला दर्शनाला म्हणून जाऊन राहावं, लाडवांचं पुढचं पुढं बघता येईल. या शेवटच्या वाक्यावर आतून भांडं आपटल्याचा आवाज आला, म्हणून साहेबराव चहा न घेताच उठले.

लाडवांचं पुढचं बघायला फार वेळच नव्हता. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी पाचशे लाडवांची बुंदी तळून परातीत तयार होती. शेगडीवर मोठं पातेलं चढलं होतं. तेही घासून आरशासारखं केलेलं. साखर विरघळत होती. रजनीबाईंच्या उजव्या हाताच्या दोन्ही बोटांना पट्ट्या होत्या. डाव्या हाताला तार कळत नाही, त्यांनी आदल्या दिवशी वाटीभर पाकावर करून बघितलं होतं. चष्म्यावर वाफ धरत होती आणि चष्मा काढला तर पातेलंच दिसत नव्हतं. कॉलनीतल्या बायका हळदीसाठी बेबीनंदाबाईंकडे जमल्या होत्या. आधी दोघी-तिघी सल्ला द्यायला येऊन गेल्या होत्या. एक म्हणाली पाक बशीत टाकून बघा, दुसरी म्हणाली बशीत मुळीच टाकू नका, तिसरी म्हणाली आमच्याकडे आणतातच विकतचे.

गिरिधरराव दारात उभे होते. रिकामे हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं.

"जाऊ का ठाण्यात?" ते म्हणाले. "तासाभरासाठी मागून बघतो."

"गनचं नाव काढू नका." रजनीबाईंनी चष्मा पुसला. "इकडं या. तुम्ही सांगायचं, पाक कधी उतरवायचा ते."

"मी? बोट लावून?"

"एकतीस वर्षं लोखंडाला बोट लावून बघत होते का?"

"ते लोखंड होतं, रजनी. त्याचं मला कळायचं."

"कळायचं न? नऊ वेळा जुळायचं न गनसंगं?"

गिरिधरराव चमकले. हे त्यांनी घरी कधी सांगितलं नव्हतं. झोपेत बोलले असतील. "दहाव्या वेळी न्हाई जुळायचं," ते म्हणाले.

"मंग दहाव्या वेळी बरोबर कोण होतं?"

हा प्रश्न तीन वर्षांत मिलमध्ये कुणी विचारला नव्हता. शेठजींनी नाही, इंजिनिअरनं नाही, स्वतः गिरिधररावांनीही नाही. त्यांनी कोटाची बाही सावरावी तशी सदऱ्याची बाही सावरली आणि पातेल्यासमोर येऊन उभे राहिले.

पहिली पाच मिनिटं त्यांना काही कळलं नाही. नुसती साखर आणि पाणी. हाताची बोटं आपोआप घोड्यासारखी वाकत होती. मग त्यांनी हात मागं बांधले, भट्टीपुढं बांधायचे तसे, आणि बघायला लागले. आधी बुडबुडे मोठे होते, जागच्या जागी फुटत होते, पोरांनी साबणाचे उडवावेत तसे. थोड्या वेळानं ते लहान झाले, दाट झाले आणि एकमेकांना धरून बसले. आवाज बदलला. आधी खळखळ होती, आता जड आवाजातलं पुटपुटणं ऐकू यायला लागलं.

"झारा वर धर," ते म्हणाले.

रजनीबाईंनी डाव्या हातानं झारा उचलला. पाक पाण्यासारखा धावत खाली आला.

"कच्चा. आणखी."

"आणखी किती?"

"बोलू नको."

लग्न झाल्यापासून रजनीबाईंना कुणी असं म्हटलं नव्हतं, आणि त्या बोलल्या नाहीत. झारा पुन्हा वर गेला. पाक धावत आला, पण शेवटचे दोन थेंब जरा रेंगाळले. पुन्हा. आता शेवटचा थेंब झाऱ्याच्या टोकाला येऊन थांबला. पडावं की पडू नये, असा विचार केल्यासारखा लोंबला, आणि पडताना मागं केसासारखी एक बारीक रेघ सोडून गेला. ती रेघ उजेडात क्षणभर चमकली.

"खेचाऽऽ!"

हाक इतकी मोठी होती की बेबीनंदाबाईंकडची हळद थांबली. रजनीबाईंनी गॅस बंद केला, दोघांनी दोन कडांना फडकी धरून पातेलं खाली घेतलं आणि बुंदी ओतली. मग वाट बघणं. बुंदीला पाक प्यायला लागला तितका वेळ दोघंही एकमेकांकडे न बघता परातीकडे बघत राहिले. रजनीबाईंनी डाव्या हातानं पहिला लाडू वळला. तो बसला नाही. फुटला नाही. त्यांनी तो गिरिधररावांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी दोन बोटांनी दाबला तसा तो मधोमध उकलला.

"झाला," रजनीबाई म्हणाल्या, आणि पदरानं चष्मा पुसायला लागल्या. आता वाफ नव्हती तरी.

दुपारी हळदीच्या बायका येऊन वळायला बसल्या, आणि चारच्या सुमारास लाडू न्यायला मामा म्हणून हवालदार संघपाल आले. त्यांच्या एका हातात लाडवांचे रिकामे डबे होते आणि दुसऱ्या हातात रुमालात गुंडाळलेली गन.

"काका, साहेब म्हणाले देऊन टाका. उद्या वरून कुणी तपासणीला आलं तर पिवळी, भरलेली, मागं मारणारी, हे कुणाला समजावून सांगायचं? सुपूर्दनाम्यावर सही करा." मग त्यांनी आवाज उतरवला. "तसं ठाण्यात सगळ्यांना हिची सवय लागली होती. चहा मोजून प्यायचो आम्ही. पण काका, एक मजा झाली. आमच्याकडं सगुणाबाई चहा देतात. त्यांची किटली जुनी, चुलीवरची, काळीकुट्ट. तिच्यावर गन लावली की नव्वद. बराबर. काल साहेबांनी त्यांना नवी कोरी स्टीलची किटली आणून दिली. चहा तोच, उकळता. गन लावली, तर अडतीस! आम्ही म्हणालो गन बिघडली. सगुणाबाई हसायला लागल्या."

"हसायला काय झालं?" गिरिधरराव म्हणाले.

"म्हणाल्या, साहेब, ती चकचकीत किटली काय स्वतःचं सांगणार? तुम्ही आरशात बघून राह्यले. काळ्या वस्तूतून तिचे स्वतःचे किरण निघतात, चकचकीत वस्तू समोरच्याचे परत फेकती. त्यांच्या नातीनं विज्ञानाच्या पुस्तकात वाचून दाखवलं म्हणे. साहेब किटलीला लागून उभे होते. बाजूला झाले तर आकडा उतरला. म्हंजे अडतीसांतले निम्मे साहेबच."

स्वयंपाकघरात लाडू वळणारे सगळे हात थांबले. रजनीबाई हळूच उठल्या. शेगडीशेजारी तवा तापत होता, काळा. त्यांनी गन घेतली आणि त्याच्यावर रोखली. एकशेनव्वद. मग शेजारच्या पातेल्यावर, ज्यात लोकांसाठी पाणी उकळत होतं. एकोणतीस. मग त्या म्हणाल्या, "अहो, जरा इथं वाका. त्या दिवशी वाकले होते तसे." गिरिधरराव वाकले. पातेल्यात त्यांचं तोंड दिसलं, रुंद आणि गंभीर. चौतीस.

"म्हणजे त्या दिवशी तासभर," रजनीबाई म्हणाल्या, "पाक तिकडं जळून राह्यला, आणि तुम्ही आपलं तोंड मोजून राह्यले."

बायका हसल्या त्या इतक्या की दोन लाडू पुन्हा वळावे लागले. दारातून साहेबराव म्हणाले, "एक्केचाळीस म्हणजे ताप होता. तेव्हाच डॉक्टरला दाखवायचं." लोखंडाचे ठोकळे काळे असतात, त्यांना कुणी घासून ठेवत नाही, म्हणून मिलमधली गन खरं बोलायची, हे गिरिधररावांनी सगळ्यांना समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण त्या वेळी ऐकण्याच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं.

"आता खरं मोजायचं तर पातेलं काळं ठेवावं लागंल, ताई," संघपाल म्हणाले.

"माझं पातेलं?" रजनीबाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की हवालदारांनी लगेच कागद पुढं केला.

"काका, इथं सही. आणि हा एक रकाना राह्यला. वस्तूचा उपयोग."

गिरिधररावांनी पेन घेतलं. परातीत लाडवांच्या रांगा लागल्या होत्या, एका मापाच्या. एका डब्याच्या झाकणावर बेबीनंदाबाईंनी फळ्यावरच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली होती: रजनीताईंचे. त्यांनी जरा वेळ विचार केला, चष्मा नाकावर घट्ट बसवला आणि एकेक अक्षर सुटं, ठळक काढत रकाना भरला:

'तवा मोजण्यासाठी. पाकाला मी आहे.'